ग्रंथालयातील संभाषक यंत्र आणि ग्रंथपालाची साक्ष

ग्रंथालयात पाऊल टाकणारा प्रत्येक मनुष्य मनात एखादा प्रश्न घेऊन येतो. तो प्रश्न पुष्कळदा ओठांवर येत नाही, आणि आला तरी जसा मनात असतो तसा येत नाही. असा अर्धवट उच्चारलेला प्रश्न ऐकून घेणे, त्याचा खरा आशय ओळखणे आणि वाचकाला योग्य ग्रंथाच्या योग्य पानापर्यंत नेऊन पोहोचविणे, या कार्यास ग्रंथालयशास्त्रात संदर्भसेवा असे नाव आहे. अलीकडे या सेवेच्या क्षेत्रात एक नवा सेवक दाखल झाला आहे. तो रात्रंदिवस जागा असतो, कधी त्रासत नाही, आणि कोणत्याही प्रश्नाला क्षणार्धात उत्तर देतो. मात्र तो मनुष्य नव्हे. त्यास चॅटबॉट असे म्हणतात. प्रस्तुत लेखात आपण त्यास संभाषक यंत्र असेही म्हणू.

हे यंत्र ग्रंथालयाने स्वीकारावे की नाकारावे, एवढाच प्रश्न विचारला तर त्याचे उत्तर फारसे उपयोगी पडणार नाही. ते कोणत्या कामी लावावे, कोणत्या कामापासून दूर ठेवावे, आणि ते चुकले तर त्याचे उत्तरदायित्व कोणी घ्यावे, हे तीन प्रश्न अधिक महत्त्वाचे आहेत. विवेचन केवळ तात्त्विक राहू नये म्हणून तेलंगणातील निर्मल व त्याच्या आसपासचा सीमाभाग आपण डोळ्यांसमोर ठेवणार आहोत. मोठ्या शहरातील सुसज्ज ग्रंथालयात जी अडचण सहज झाकली जाते, ती या भागात उघडपणे दिसते.

१. संभाषक यंत्राचे स्वरूप

मनुष्याशी त्याच्याच भाषेत बोलणारे यंत्र ही कल्पना सर्वस्वी नवी नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेतील जोसेफ वायझेनबाउम यांनी १९६६ साली 'एलायझा' नावाचा संगणकीय कार्यक्रम प्रसिद्ध केला. मनुष्याने टंकलिखित केलेल्या वाक्यातील एखादा शब्द उचलून त्याचाच प्रश्न करून परत विचारावा, एवढेच त्याचे कौशल्य होते. १९९५ साली रिचर्ड वॉलेस यांनी 'अ‍ॅलिस' नावाचे यंत्र रचले. त्यात प्रश्नांचे साचे आणि त्यांची ठरावीक उत्तरे आधीच लिहून ठेवलेली असत. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील ग्रंथालयाने २०१४ साली याच पद्धतीचा एक संभाषक वाचकांच्या सेवेत आणला. त्या विद्यापीठाचे मानचिन्ह मुंगीखाऊ हा प्राणी असल्याने त्याचे नावही त्यावरूनच बेतले होते. ग्रंथालय केव्हा उघडते, पुस्तकाची मुदत कशी वाढवावी, अमुक विषयाची कपाटे कोणत्या मजल्यावर आहेत, अशा प्रश्नांना तो उत्तरे देई. जे त्यास शिकविलेले नव्हते ते त्यास येत नसे. परंतु जे येत होते ते ग्रंथपालानेच शब्दशः लिहून दिलेले होते, ही त्याची जमेची बाजू होय.

३० नोव्हेंबर २०२२ रोजी 'चॅटजीपीटी' सर्वांसाठी खुले झाले आणि चित्र पालटले. या नव्या यंत्रांत ठरावीक उत्तरे साठविलेली नसतात. अफाट मजकूर वाचवून घेऊन कोणत्या शब्दामागून कोणता शब्द येण्याचा संभव अधिक आहे, याचे गणित त्यांना शिकविलेले असते, आणि त्या गणिताच्या आधारे ती एकेक शब्द जोडीत उत्तर रचतात. शेकडो प्रवचने ऐकलेला एखादा बुद्धिमान श्रोता स्वतः अभ्यास न करताही प्रवचनासारखे बोलू शकतो. त्याची भाषा, त्याचे दाखले, त्याचा आवेश सारे खऱ्यासारखे भासते. या यंत्राचे बोलणे काहीसे तशाच प्रकारचे आहे. त्यातील पुष्कळ भाग खरा असतो, कारण त्याने वाचलेल्या मजकुरातील पुष्कळ भाग खरा असतो. परंतु सत्य आणि सत्यासारखे दिसणारे यांतील भेद ओळखण्याचे वेगळे साधन त्याच्या रचनेत नाही.

जुना संभाषक थोडे बोले आणि जे बोले त्याला ग्रंथपालाचा आधार असे. नवा पुष्कळ बोलतो, पण त्याच्या बोलण्याला आधार असेलच असे नाही. पुढील सर्व विवेचन या एका फरकावर उभे आहे.

२. संदर्भसेवेचा अर्थ

१८७६ साली अमेरिकेतील वुस्टर येथील सार्वजनिक ग्रंथालयाचे ग्रंथपाल सॅम्युएल ग्रीन यांनी ग्रंथपाल आणि वाचक यांच्या व्यक्तिगत संबंधांविषयी एक निबंध सादर केला. ग्रंथपालाने केवळ पुस्तकांचा रखवालदार न राहता वाचकाशी आपुलकीने बोलावे, त्याची गरज समजून घ्यावी, असे त्याचे प्रतिपादन होते. संदर्भसेवेच्या इतिहासाचा आरंभ बहुधा या निबंधापासून सांगितला जातो. आपल्याकडे डॉ. शि. रा. रंगनाथन् यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत मांडले. ग्रंथ उपयोगासाठी आहेत. प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावा. प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा. वाचकाचा वेळ वाचवावा. आणि ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था आहे.

संभाषक यंत्राचे समर्थक चौथ्या सिद्धांताचा आधार घेतात, आणि तो चुकीचा नाही. रात्री दहा वाजता ज्या विद्यार्थ्याला एखादे पुस्तक ग्रंथालयात आहे की नाही हे जाणून घ्यावयाचे आहे, त्याला सकाळपर्यंत थांबावे न लागणे ही खरी सोय आहे. परंतु वाचकाचा वेळ वाचविणे हा चौथा सिद्धांत आहे. त्याआधीचे दोन सिद्धांत वाचकाला त्याचाच ग्रंथ मिळावा असे सांगतात. चुकीचा ग्रंथ त्वरेने मिळणे किंवा नसलेल्या ग्रंथाचे नाव तत्परतेने मिळणे, यात वेळ वाचत नाही. तो दुप्पट खर्च होतो.

३. निर्मलचा परिसर: एक कसोटी

निर्मल हे नगर हैदराबाद-नागपूर महामार्गावर वसले आहे. पोणिकी नावाच्या हलक्या लाकडाची खेळणी आणि चमकदार रंगांची चित्रे यांमुळे त्याचे नाव दूरवर पोहोचले. पूर्वी ते आदिलाबाद जिल्ह्यात होते. ११ ऑक्टोबर २०१६ रोजी त्या जिल्ह्याचे विभाजन होऊन निर्मल हा स्वतंत्र जिल्हा झाला. या जिल्ह्याच्या पश्चिमेस मुधोळ, भैंसा, कुबेर हा भाग येतो. तो १९५६ पूर्वी हैदराबाद संस्थानातील नांदेड जिल्ह्यात मोडत असे. राज्यपुनर्रचनेच्या वेळी तो आंध्र प्रदेशात गेला आणि किनवट, राजुरा हे भाग उलट दिशेने आले. गोदावरीच्या काठी बासर आहे. लहान मुलांचा अक्षराभ्यास करविण्यासाठी दूरदूरची कुटुंबे तेथील सरस्वतीच्या मंदिरी येतात, आणि २००८ साली स्थापन झालेले राजीव गांधी विज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठही तेथेच आहे. पलीकडे धर्माबाद, म्हणजे महाराष्ट्र.

या भागात तेलुगू ही राज्यभाषा आहे, उर्दूला दुसऱ्या राज्यभाषेचा दर्जा आहे, मराठी अनेक घरांत बोलली जाते, आणि डोंगराळ प्रदेशात गोंडी व कोलामी ऐकू येतात. निजामी राजवटीत उर्दू ही कारभाराची भाषा होती. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे शिक्षणमाध्यमही उर्दूच होते. परिणामी एकाच कुटुंबात आजोबांची कागदपत्रे उर्दूत, वडिलांचे शिक्षण मराठीत आणि नातवाचे तेलुगू वा इंग्रजीत, असे दृश्य येथे नवलाचे नाही.

आता अशा ठिकाणच्या ग्रंथालयात संभाषक यंत्र ठेवले आहे अशी कल्पना करू. वाचक मराठीत विचारतो, "मुधोळविषयी काही पुस्तके आहेत काय?" पहिली अडचण नावातच आहे. कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यात मुधोळ नावाचे दुसरे गाव आहे. ते घोरपड्यांचे संस्थान होते आणि तेथील शिकारी कुत्री प्रसिद्ध आहेत. यंत्राने वाचलेल्या मजकुरात या दुसऱ्या मुधोळचाच बोलबाला अधिक असणे स्वाभाविक आहे. निर्मल या नावाचेही तसेच. वसई परिसरातील निर्मळ हे गाव आपल्या वाचकांपैकी अनेकांना ठाऊक असेल. शिवाय 'निर्मळ' हे मराठीतील नित्याचे विशेषण आहे. ज्या ग्रंथपालाचे आयुष्य या भागात गेले आहे, त्याला वाचक कोणत्या गावाविषयी बोलतो हे विचारावेही लागत नाही.

दुसरी अडचण कालाची आहे. १९४८ च्या सुमारास मुधोळात काय घडले हे कोणास पाहावयाचे असेल, तर त्याने आदिलाबादच्या नव्हे तर नांदेड जिल्ह्याच्या जुन्या नोंदींत शोधले पाहिजे. निर्मलविषयीची २०१६ पूर्वीची पुस्तके बहुधा आदिलाबाद या विषयशीर्षकाखाली सापडतील. हे ज्ञान कोणत्याही एका पुस्तकात लिहिलेले नसते. ते तालिका तयार करणाऱ्याच्या अनुभवात असते.

तिसरी अडचण व्यक्तिनामांची आहे. सेतुमाधवराव पगडी हे इतिहासकार म्हणून मराठी वाचकांस परिचित आहेत. ते हैदराबाद राज्याच्या सेवेत असताना आदिलाबाद भागात होते, गोंडी भाषा शिकले, आणि आदिलाबादच्या गोंडांविषयी त्यांनी इंग्रजीत ग्रंथ लिहिला. त्या इंग्रजी ग्रंथावर त्यांचे नाव पी. सेतुमाधव राव अशा दाक्षिणात्य वळणाने आढळते. तालिकेत या दोन नावांची परस्परनोंद केलेली नसेल, तर यंत्र त्यांना दोन निराळे गृहस्थ समजेल आणि मराठी वाचकाला सांगेल की पगडींचे गोंडांविषयीचे पुस्तक येथे नाही. पुस्तक मात्र दहा हातांवरील कपाटात असेल.

चौथी अडचण भाषेच्या दारिद्र्याची नसून मजकुराच्या दारिद्र्याची आहे. गोंडी बोलणारे लोक लक्षावधी आहेत, परंतु यंत्राला शिकविण्याजोगा गोंडी मजकूर अत्यल्प आहे. आदिलाबाद जिल्ह्यातील गुंजाळा या गावी गोंडी लिपीतील जुनी हस्तलिखिते सापडली. त्या लिपीस संगणकाच्या जागतिक वर्णसंचात स्थान मिळावयास २०१८ साल उजाडावे लागले. ज्या लिपीला संगणकात अक्षर म्हणून उभे राहावयास इतका काळ लागला, तिच्या भाषेत यंत्र उद्याच अस्खलित बोलेल अशी अपेक्षा कोणी करू नये. मराठीची स्थिती याहून पुष्कळ बरी आहे; तथापि भैंसा-मुधोळकडील मराठीत उर्दू व तेलुगू शब्द मिसळलेले असतात, आणि छापील पुण्या-मुंबईच्या मराठीवर वाढलेले यंत्र ती ऐकून गोंधळण्याचा संभव आहे.

४. यंत्राची खोटी साक्ष

या अडचणींहून गंभीर असा एक दोष आहे. यंत्राला उत्तर ठाऊक नसते तेव्हा ते नेहमी गप्प राहत नाही. ते उत्तर रचते. ग्रंथाचे नाव, लेखक, प्रकाशनवर्ष, पृष्ठांक, सारे काही अस्सल भासेल अशा रीतीने सांगते; आणि शोधू जाता तो ग्रंथ जगात कोठेही नसतो.

याची दोन उदाहरणे सर्वश्रुत आहेत. न्यूयॉर्क येथील 'माटा विरुद्ध एव्हियांका' या खटल्यात वकिलांनी यंत्राने सुचविलेले पूर्वनिर्णय न्यायालयापुढे ठेवले. ते निर्णय कोणत्याही न्यायालयाने कधी दिलेलेच नव्हते. जून २०२३ मध्ये न्यायाधीशांनी ५,००० डॉलर दंड केला. मे २०२५ मध्ये शिकागोच्या एका वृत्तपत्रात उन्हाळ्यात वाचावयाच्या १५ पुस्तकांची यादी प्रसिद्ध झाली. लेखक खरे व नामांकित होते, परंतु १५ पैकी १० पुस्तके त्यांनी कधी लिहिलीच नव्हती. अशी यादी हाती घेऊन वाचक ग्रंथालयात येतो, ग्रंथपाल तासभर शोधतो, आणि शेवटी वाचकाची समजूत होते की ग्रंथालयच अपुरे आहे.

आपल्या परिसरातील एक प्रश्न घेऊ. रामजी गोंड यांनी १८५७ नंतरच्या काळात निर्मलच्या परिसरात बंडाचे नेतृत्व केले. १८६० साली त्यांना फाशी झाली. त्यांच्यासह सहस्र लोकांना एका वडाला फाशी दिले अशी लोकस्मृती आहे, आणि 'हजार फासांचा वड' हे नाव आजही तेलुगूत सांगितले जाते. एखादी विद्यार्थिनी याविषयी यंत्राला विचारील तर तिला एकसंध, ओघवती कथा मिळेल. जाणता ग्रंथपाल मात्र तिच्यापुढे तीन ढीग ठेवील. समकालीन सरकारी पत्रव्यवहारात काय आढळते, लोकपरंपरा काय सांगते, आणि पुढील लेखकांनी कोणाच्या आधारे काय लिहिले, हे तो वेगवेगळे दाखवील. लोकस्मृती खोटी म्हणून टाकावी असे तो म्हणणार नाही. ती स्मृती म्हणून वाचावी असे सांगेल. यंत्र ज्या ठिकाणी तीन साक्षी एकात मिसळते, त्याच ठिकाणी ग्रंथपालाचे खरे काम सुरू होते.

सेमिनरीच्या ग्रंथालयातही हीच कसोटी लागते. पंडिता रमाबाई १९२२ साली निवर्तल्या आणि त्यांनी केलेले संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर १९२४ साली प्रसिद्ध झाले. विल्यम केरी यांच्या प्रयत्नाने श्रीरामपूरहून मराठी नवा करार निघाला तो १८११ साली. ही वर्षे परस्परांत मिसळणे, किंवा एका भाषांतराचे वैशिष्ट्य दुसऱ्याच्या माथी मारणे, यंत्राला अवघड नाही. आणि प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्याने ते तसेच उतरवून घेतले तर चूक छापील होते, आणि पुढील यंत्र ती चूकच प्रमाण म्हणून वाचते.

५. योग्य उपयोग कोणता?

यावरून यंत्र सर्वथा त्याज्य ठरते असे नव्हे. वाचकांचे प्रश्न ढोबळपणे तीन प्रकारचे असतात.

पहिला प्रकार व्यवस्थेविषयीच्या प्रश्नांचा. ग्रंथालयाची वेळ, अनामत रक्कम, देवघेवीचे नियम, सुटीचे दिवस, पुस्तकाची मुदत. यांची उत्तरे निश्चित असतात आणि ग्रंथपालाचा बराच वेळ ती पुन्हापुन्हा सांगण्यात जातो. ही कामे यंत्राकडे निःशंकपणे द्यावीत; मात्र उत्तरे ग्रंथालयाने स्वतः लिहून द्यावीत, यंत्राने रचू नयेत.

दुसरा प्रकार शोधाविषयीच्या प्रश्नांचा. अमुक लेखकाची कोणती पुस्तके येथे आहेत? शेतीविषयी मराठीत काय आहे? येथे यंत्राने स्वतःच्या स्मरणातून बोलू नये. ग्रंथालयाच्या तालिकेत पाहून तेथील नोंदच सांगावी. याची पद्धती २०२० साली पॅट्रिक लुईस व त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली. तिचे सार असे की प्रश्न आल्यावर यंत्राने प्रथम नेमून दिलेल्या संग्रहातून संबंधित मजकूर शोधून आणावा, मग केवळ त्या मजकुराच्या आधारे उत्तर रचावे, आणि आधार कोठून घेतला ते सांगावे. शास्त्राभ्यास करणाऱ्यांना याची उपमा लगेच पटेल. शब्दानुक्रमणी, जिला आपण कॉन्कॉर्डन्स म्हणतो, वचनाचा अर्थ सांगत नाही. ते वचन कोठे आहे ते दाखविते. यंत्राने दुसऱ्या प्रकारच्या प्रश्नांत शब्दानुक्रमणीचे काम करावे, भाष्यकाराचे करू नये. ही पद्धती चुका पुष्कळ कमी करते, पण नाहीशा करीत नाही. आणलेल्या मजकुराचाही विपर्यास होऊ शकतो, हे ध्यानात ठेवावे.

तिसरा प्रकार अर्थाविषयीच्या प्रश्नांचा. कोणत्या ग्रंथावर विश्वास ठेवावा? या दोन मतांत फरक का? माझ्या आजोबांच्या या उर्दू कागदाचा अर्थ काय? असे प्रश्न यंत्राने ओळखावेत आणि ग्रंथपालाकडे सोपवावेत. 'हे मला सांगता येणार नाही. अमुक वेळी ग्रंथपालांस भेटावे' हे वाक्य ज्या यंत्राला बोलता येत नाही, ते यंत्र ग्रंथालयात ठेवण्यायोग्य नाही.

मर्यादित संग्रहावर चालणाऱ्या अशा संभाषकाचे भारतीय उदाहरण 'जुगलबंदी' हे होय. २०२३ साली हरियाणातील बिवान या गावी त्याचा वापर सुरू झाला. ग्रामस्थ आपल्या भाषेत, बोलून वा लिहून, भ्रमणध्वनीवर प्रश्न विचारीत आणि शासकीय योजनांविषयी त्याच भाषेत उत्तर मिळे. आरंभी त्यात १० भारतीय भाषा आणि १७१ योजना होत्या, जरी देशातील योजनांची संख्या सुमारे २०,००० सांगितली जाते. संग्रह थोडा पण तपासलेला, भाषा वाचकाची, आणि बोलण्याची सोय असल्याने टंकलेखन न येणाऱ्यालाही दार खुले, हे तीन गुण निर्मलसारख्या ठिकाणच्या ग्रंथालयाने घेण्यासारखे आहेत. केंद्र शासनाने २०२२ साली सुरू केलेल्या 'भाषिणी' या उपक्रमात भारतीय भाषांतील भाषांतर व वाणीची साधने उपलब्ध होत आहेत, आणि त्यांत मराठी, तेलुगू व उर्दू या तिन्ही भाषा आहेत.

६. यंत्रापूर्वी तालिका

वरील विवेचनातून एक गोष्ट अपरिहार्यपणे निष्पन्न होते. यंत्राची योग्यता तालिकेच्या योग्यतेहून अधिक असू शकत नाही. ज्या ग्रंथालयातील मराठी पुस्तके दाखलवहीत केवळ रोमन लिपीत, मन मानेल त्या वर्णलेखनाने नोंदविलेली आहेत, तेथे महागडे यंत्र आणून ठेवणे म्हणजे विहिरीत पाणी नसता रहाट बसविणे होय.

म्हणून लहान ग्रंथालयाने खर्चाचा व श्रमाचा पहिला भाग तालिकेवर करावा. प्रत्येक ग्रंथाची नोंद त्याच्या मूळ लिपीत आणि सोबत रोमन लिपीत असावी. लेखकाच्या नावाची भिन्न रूपे परस्परांशी जोडलेली असावीत. स्थलनामांना जिल्हा व काल यांची जोड द्यावी, म्हणजे मुधोळ व मुधोळ, निर्मल व निर्मळ यांत गल्लत होणार नाही. यासाठी 'कोहा' सारखी विनामूल्य संगणकप्रणाली उपलब्ध आहे. ती न्यूझीलंडमधील एका ग्रंथालयसंस्थेसाठी १९९९ साली निर्माण झाली आणि भारतातील अनेक ग्रंथालयांत वापरली जाते. हे काम संथ व कंटाळवाणे आहे, परंतु ते वाया जात नाही. उद्या यंत्र बंद पडले तरी तालिका उरते, आणि तीच वाचकाची सेवा करते.

तालिकेनंतर परीक्षा. ग्रंथपालाने काही महिने वाचकांचे खरे प्रश्न एका वहीत टिपून ठेवावेत. शंभर प्रश्न पुरेसे आहेत. प्रत्येकासमोर बरोबर उत्तर लिहावे. त्यांत असेही काही प्रश्न असावेत की ज्यांचे योग्य उत्तर 'येथे ही माहिती नाही' हेच आहे. मग ते प्रश्न मराठीत, तेलुगूत व उर्दूत यंत्राला विचारावेत आणि ते कोठे चुकते ते पाहावे. एखाद्या भाषेत ते वारंवार चुकत असेल, तर त्या भाषेत ते सुरू करू नये. एका भाषेच्या वाचकाला खरे आणि दुसऱ्या भाषेच्या वाचकाला अंदाजाने रचलेले, असा भेद सार्वजनिक ग्रंथालयात शोभत नाही. हैदराबाद राज्याने १९५५ साली आणि आंध्र प्रदेशाने १९६० साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. आंध्रच्या कायद्याप्रमाणे घरपट्टीबरोबर ग्रंथालय उपकर घेतला जातो, आणि तेलंगणातही तीच परंपरा पुढे आली. उपकर भरताना कोणी भाषा विचारीत नाही. सेवा देतानाही तिचा भेद होऊ नये.

७. वाचकाचे गुपित

अखेरची बाब सर्वांत नाजूक आहे. वायझेनबाउम यांनी एलायझाविषयी एक आठवण नमूद केली आहे. हे केवळ शब्द उलटवून बोलणारे यंत्र आहे हे त्यांच्या सचिव बाईंना पक्के ठाऊक होते. तरीही त्याच्याशी थोडे बोलल्यावर त्यांनी वायझेनबाउम यांना खोलीबाहेर जाण्याची विनंती केली. यंत्रापुढे मन मोकळे करावेसे त्यांना वाटले. या अनुभवाने वायझेनबाउम अस्वस्थ झाले आणि १९७६ साली त्यांनी संगणकाच्या सामर्थ्याच्या मर्यादांविषयी ग्रंथ लिहिला.

आजचे यंत्र एलायझाहून कितीतरी पटींनी गोड बोलते. वाचक त्याला आजाराविषयी, कर्जाविषयी, घरातील कलहाविषयी, श्रद्धेतील शंकेविषयी विचारील. जे प्रश्न ग्रंथपालाच्या टेबलापाशी विचारण्याचा त्याला संकोच वाटतो, ते तो यंत्राला विचारील. यात लाभही आहे, कारण लाजाळू वाचकालाही पुस्तक मिळते. परंतु हे शब्द कोठे साठविले जातात, कोण वाचतो, किती काळ ठेवतो, हे त्याला ठाऊक नसते. कोणी कोणते पुस्तक नेले हे बाहेर सांगू नये, हा ग्रंथपालाच्या व्यवसायातील मान्य संकेत आहे. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने अशा माहितीविषयी काही कर्तव्ये घालून दिली आहेत. परंतु ग्रंथालयाने कायद्याची वाट न पाहता स्वतःहून नियम करावा. यंत्राशी बोलण्यासाठी नाव व भ्रमणध्वनी क्रमांक मागू नये, संभाषणे ठरावीक मुदतीत पुसून टाकावीत, आणि 'आपण यंत्राशी बोलत आहात' हे आरंभीच वाचकाच्या भाषेत स्पष्ट सांगावे.

८. उपसंहार

एक भय शेवटी बोलून दाखविणे आवश्यक आहे. यंत्र आले म्हणजे ग्रंथपालाची आवश्यकता उरली नाही, असा निष्कर्ष काटकसर करू पाहणाऱ्या व्यवस्थापनास मोहक वाटेल. ग्रंथपालाची रिक्त जागा वर्षानुवर्षे न भरता त्या टेबलावर यंत्र ठेवून दिले, तर कागदोपत्री सेवा चालू राहील. परंतु तालिका कोण सुधारील? मुधोळ आणि मुधोळ यांतील फरक कोण सांगेल? यंत्राची चूक वाचकाने आणून दाखविली, तर ती ऐकून घेण्यास कोण असेल? जो उत्तर देतो त्याने उत्तराची जबाबदारीही घेतली पाहिजे, हा साक्षीचा मूळ नियम आहे. यंत्राला लाज वाटत नाही, पश्चात्ताप होत नाही, आणि कालची चूक आज आठवत नाही. म्हणून त्याच्या प्रत्येक शब्दामागे ग्रंथालयातील कोणातरी मनुष्याचे नाव उभे असले पाहिजे.

सारांश, ग्रंथालयाने संभाषक यंत्राला दाराशी उभे करावे. त्याने येणाऱ्यास वेळ सांगावी, कपाट दाखवावे, तालिकेतील नोंद वाचून दाखवावी, रात्रीच्या वाचकाला दिवा धरावा. आतील दालनात, जेथे एका साक्षीची दुसऱ्या साक्षीशी तुलना होते आणि वाचक आपल्या प्रश्नाचा खरा अर्थ स्वतःलाच उमगेपर्यंत बोलत राहतो, तेथे मनुष्यच बसला पाहिजे. निर्मलची ती विद्यार्थिनी रामजी गोंडांविषयी विचारावयास येईल तेव्हा यंत्राने तिला एवढेच सांगावे की या विषयावरील पुस्तके अमुक कपाटात आहेत आणि ग्रंथपाल पाच वाजेपर्यंत आत आहेत. तेवढे जरी त्याने खरे सांगितले, तरी त्याची सेवा लहान म्हणता येणार नाही.